आगमनाची नोंद



या व्यासपीठावरून आपण संतांविषयी ऐकता, इतिहासाविषयी ऐकता, कधी ग्रहताऱ्यांविषयीही ऐकता. त्या मानाने माझा आजचा विषय फारच रुक्ष आहे. कामधंद्यासाठी परमुलुखात गेलेल्या माणसाने तेथे पाऊल ठेवताच तेथील सरकारी दप्तरातली आपली नोंद स्वतः वाचून पाहावी, एवढेच मला सांगायचे आहे. चालकांपैकी एकाने काळजीने विचारले, "गुरुजी, यावर तासभर बोलता येईल का?" मी म्हटले, अडतीस वर्षे मी तलासरी तालुक्यात हजेरीपटावर मुलांची नावे लिहिली, नोंद या विषयावर मला बोलता येणार नाही तर कुणाला येणार?

आरंभ घरातल्याच गोष्टीने करतो. माझा भाचा अमेरिकेला नोकरीसाठी गेला. मुलगा हुशार, संगणकाचे शिक्षण घेतलेला. कंपनीने त्याच्यासाठी तीन वर्षांची मंजुरी मिळवली होती आणि पासपोर्टावर व्हिसाही तीन वर्षांचा चिकटवला होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले, बोटांचे ठसे घेतले, शिक्का मारला आणि "पुढे चला" म्हटले. भाचा पुढे गेला. त्याचा पासपोर्ट मात्र आठ महिन्यांनी संपणार होता. अशा वेळी अधिकारी पुष्कळदा मुक्कामाची मुदत पासपोर्ट संपण्याच्या तारखेपर्यंतच लिहितो, आणि येथेही त्याने तसेच लिहिले. भाच्याने पुढे आपल्या वकिलातीकडून नवा पासपोर्ट करून घेतला आणि काम झाले असे समजून तो स्वस्थ बसला. वर्षभराने नोकरीनिमित्त तो दुसऱ्या राज्यात गेला आणि तेथे गाडी चालवण्याचा परवाना काढायला गेला. खिडकीतल्या बाईने यंत्रात पाहून त्याला शांतपणे सांगितले, "तुमची या देशात राहण्याची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली आहे."

येथे एक बारकावा आहे. तो ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांनी नीट ध्यानात घ्यावा. व्हिसा ही दारापर्यंत येण्याची परवानगी होय. घरात किती दिवस राहायचे ते दारावरचा अधिकारी ठरवतो, आणि ते ज्या नोंदीत लिहिले जाते तिला तिकडे 'आय-९४' म्हणतात. पूर्वी हे एक लहानसे पांढरे कार्ड असे आणि ते पासपोर्टाला टाचून मिळे; निदान डोळ्यांना तरी दिसे. २०१३ सालापासून विमानाने किंवा जहाजाने येणाऱ्यांची ती नोंद संगणकातच होऊ लागली. आता ज्याने ती मुद्दाम उघडून पाहिली त्यालाच ती दिसते. त्या सरकारच्या स्थळावर ती फुकट पाहता येते. पैसे मागणारी दुकाने मधे उभी असतात, त्यांच्याकडे जाऊ नये.

तेथे काय पाहायचे? नाव, जन्मतारीख, पासपोर्टाचा क्रमांक, कोणत्या वर्गात प्रवेश दिला ते अक्षर, आणि मुदत. नोकरीसाठी गेलेल्याच्या नावापुढे चुकून पाहुण्याचा वर्ग पडला, तर त्याचे प्रामाणिकपणे केलेले कामही बेकायदा ठरू शकते. बायकोमुलांची नोंद प्रत्येकाची निराळी असते. नवऱ्याचे बरोबर म्हणून बायकोचे बरोबर, असे समजू नये. तारीख वाचताना तिकडे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात हेही विसरू नये. चूक अधिकाऱ्याची असेल, तर ती दुरुस्त करणारी कचेरी त्याच खात्यात असते आणि त्याचे पैसे पडत नाहीत. पण माझ्या भाच्यासारखे असेल, म्हणजे पासपोर्टामुळे मुदत कापलेली असेल, तर ती चूक धरली जात नाही. मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावी लागते, नाहीतर नवा पासपोर्ट घेऊन बाहेर जाऊन पुन्हा यावे लागते. मुदत उलटून १८० दिवसांहून अधिक राहिलेला माणूस देश सोडून गेला की त्याला तीन वर्षे परत येता येत नाही; एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिला तर दहा वर्षे. हा १९९६ चा कायदा आहे. भाच्याचे १२० दिवस झाले होते. व्हिसा रद्द ठरला, तो परत आला, मुंबईहून नवा व्हिसा काढून पुन्हा गेला. माझ्या बहिणीचे त्या दिवसांत अन्नावरून लक्ष उडाले होते. इतका खटाटोप टळायला उतरल्या दिवशीची पाच मिनिटे पुरली असती.

देशोदेशींचा रोखही आता हाच आहे. इंग्लंडने परदेशी रहिवाशांना दिलेली ओळखकार्डे बहुतेक ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपवली आणि सारे संगणकावर नेले. युरोपात थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांच्या पासपोर्टावरचा शिक्का १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने जाऊ लागला. त्याच्या जागी चेहरा आणि बोटे यांची नोंद आली. कागद हातात होता तेव्हा तो निदान कपाटात सापडे. आता नोंद त्यांच्यापाशी राहते, आणि ती चुकली तर निस्तरणे मात्र आपल्याकडे येते.

नावाचा घोळ तर आपला खास मराठी घोळ आहे. आपले नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. इंग्रजी रकाने दोनच. मग वडिलांचे नाव कधी आपल्या नावाला चिकटते, कधी गळून पडते. लग्न झालेल्या मुलीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. काही घरांत पहिले नावही सासर बदलते. पदवीवर एक बाई, पासपोर्टावर दुसरी आणि विमानाच्या तिकिटावर तिसरी. ज्यांच्या पासपोर्टावर एकच शब्द असतो त्यांचे आणखी निराळे. अमेरिकेच्या दप्तरात त्या एका शब्दाला आडनाव धरतात आणि नावाच्या जागी 'एफ-एन-यू' ही अक्षरे घालतात, म्हणजे 'पहिले नाव अज्ञात'. मग बँकेची पत्रे त्या अज्ञात गृहस्थांना येऊ लागतात! संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टांवर पाहुण्यांचा व्हिसा देणे बंद केले. मागाहून, पासपोर्टावर वडिलांचे नाव छापलेले असेल तर चालेल, असा खुलासा झाला. आपल्याकडे वारली पाड्यावर एकाच नावाने सारे आयुष्य निघत असे. त्याला दुसरा शब्द लागला तो सरकारसाठी.

आखाताचा प्रकार त्याहून कठीण आहे, कारण तिकडे जाणारा पुष्कळदा कमी शिकलेला असतो. दहावी न झालेल्या माणसाला ठराविक देशांत नोकरीला जाताना १९८३ च्या कायद्याप्रमाणे आपल्याच सरकारची आगाऊ मंजुरी लागते. ती टाळण्यासाठी दलाल त्याला पाहुण्याच्या व्हिसावर विमानात बसवतो आणि सांगतो, "तिथे गेल्यावर बदलून देऊ." उतरल्यावर दप्तरात तो पाहुणा असतो आणि प्रत्यक्षात मजूर. मालकाने पगार बुडवला तर दाद मागायला त्याच्यापाशी कागदच नसतो. व्हिसावर कोणता वर्ग आहे, हे विमानात बसण्यापूर्वी एखाद्या वाचणाऱ्याकडून वाचून घेतले, तर यातले पुष्कळसे येथेच कळते.

आता आपण म्हणाल, हे अमेरिका-आखाताचे पुराण डहाणूला कशाला? डहाणूलाही लोक बाहेरून आलेच होते. घोलवड-बोर्डीच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाड्या उभ्या करण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते इराणी झरथुष्ट्री बागाईतदार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोट भरायलाच या किनाऱ्यावर आले. त्या वेळी पासपोर्टाची सक्ती नव्हती. भारतात प्रवेशासाठी पासपोर्टाचा कायदा १९२० साली आला, परकीयांच्या नोंदणीचा १९३९ साली. पुढे घटनेने नागरिकत्व ठरवले. बाहेर जन्मलेल्या आणि येथे स्थायिक झालेल्या माणसासाठी पाचव्या कलमात अट पडली ती अशी, की घटना लागू होण्यापूर्वी निदान पाच वर्षे तो येथे नेहमीचा राहत असला पाहिजे. आलात कधी, हा प्रश्न तेव्हा एकाएकी मोलाचा झाला; कुठल्याशा वहीतली एखादी ओळ जमिनीच्या तुकड्याइतकी महत्त्वाची ठरली. ते १९२० आणि १९३९ चे कायदे आता राहिले नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी नवा एकच कायदा आला आहे. परदेशी माणसाला येथे येताना जे विचारायचे, ते विचारणे मात्र चालूच आहे.

पण माझ्या मनात जो आहे तो माणूस विमानाने जात नाही. त्याला व्हिसाही नसतो. तो आपल्या झाईचा, बोर्डीचा, डहाणूच्या आणि तलासरीच्या पाड्यांवरचा खलाशी. हंगामापूर्वी तांडेल किंवा त्याचा माणूस पाड्यावर येतो, उचल देतो, आणि पावसाळी बंदी उठली की ही पोरे गुजरातेत पोरबंदर, ओखा, वेरावळच्या बोटींवर चढतात. आपल्या राज्यातून दुसऱ्या राज्यात जायला कोणताच शिक्का लागत नाही. पण ती बोट जेथे मासळी शोधते तेथे सर क्रीकच्या वादामुळे समुद्रातली सीमा दोन्ही देशांनी मान्य करून आखलेलीच नाही. पाण्यावर रेघ नाही, मासळीला सीमा नाही. पाकिस्तानची गस्तनौका येते, बोट ओढून नेते, आणि आमचा पोरगा कराचीच्या लांढी भागातील मलीर तुरुंगात जाऊन पडतो. परदेशातली त्याची पहिली नोंद तेथे होते. ती वाचून पाहायला त्याला कोणी देत नाही, आणि दिली तरी ती उर्दूत असते.

शिक्षा सहसा काही महिन्यांचीच होते. ती संपली तरी सुटका होत नाही, कारण हा माणूस भारताचा आहे हे ठरायचे असते. २१ मे २००८ रोजी दोन्ही देशांत करार झाला. त्याप्रमाणे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. पकडल्यापासून तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचे, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व पक्के झाले की महिन्याभरात सोडायचे, असे त्यात लिहिले आहे. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानने २१७ मच्छीमार आपल्या ताब्यात असल्याचे कळवले. आपण त्यांचे ८१ कळवले. २०२३ च्या मे-जूनमध्ये १९८ आणि २०० अशा दोन तुकड्या सुटून आल्या होत्या. २०२४ साली आपल्याच तालुक्यातला एक खलाशी त्या तुरुंगात वारला. त्याचा देह गावी पोहोचायला कित्येक आठवडे लागले.

राष्ट्रीयत्व पक्के करायचे म्हणजे काय करायचे, ते पाहा. तो तेथे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा सांगतो. तेथला कारकून ते उर्दूत लिहितो. उर्दूत आपला 'ळ' नाही, 'ण' नाही. तेथून ते इंग्रजीत येते, दिल्लीला येते, मुंबईला येते, पालघरला येते आणि शेवटी पोलीस पाटलाच्या हातात मराठीत पडते. बोटीवर चढताना बंदरात टोकनासाठी दिलेल्या यादीत तेच नाव गुजरातीत लिहिलेले असते. चार लिप्यांतून गाळून आलेला काळू हा काळूच आहे, की काल्या, की कल्लू, हे पाटलाने ओळखायचे.

पत्त्याचेही तसेच. तलासरीकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. तो जन्मला तेव्हा त्याचे गाव उंबरगाव तालुक्यात होते. १ मे १९६० रोजी उंबरगाव गुजरातेत गेले, आणि इकडे राहिलेल्या गावांचा ठाणे जिल्ह्यात तलासरी तालुका झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. झोपडी जागची हलली नाही. पत्ते तीन झाले. नातवाने कराचीत "जिल्हा ठाणे" सांगितले, तर तो खोटे बोलत नाही. घरी सारे तसेच म्हणतात. चौकशीचा कागद मात्र आधी ठाण्याला जातो.

आणि आता माझा स्वतःचा भाग. हा सांगावा की न सांगावा, असा मला दोन दिवस प्रश्न पडला होता.

जून महिना आला की आम्ही शिक्षक पाड्यांवर मुले गोळा करायला फिरत असू. जन्माची नोंद करण्याचा कायदा १९६९ चा. पण पाड्यावर बाळंत झालेल्या बाईला तो कुणी सांगितला नव्हता. "पोर केव्हा झाले?" "भाताची लावणी चालली होती तेव्हा." मी लिहीत असे: १ जून. माझ्या एका वर्गात एकतीस मुले होती आणि त्यांतली सव्वीस १ जूनला जन्मलेली. नावांचेही तेच. सोमवारी झाला म्हणून सोमा, बुधवारी झाला म्हणून बुध्या. मला वाटे, शाळेत आले आहे तर पोराला चांगले नाव असावे. मी सोम्याचा सोमनाथ केला. बापाने अंगठा उमटवला. मी काय लिहिले ते त्याला वाचून दाखवले नाही. मनात दुष्टावा मुळीच नव्हता, उलट मायाच होती. पण ज्या मुलुखात मे १९४५ मध्ये झरीच्या मेळाव्यात वारल्यांनी गोदावरी परुळेकरांसमोर वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत मोडण्याचा निश्चय केला, त्या मुलुखात न वाचलेल्या कागदावर अंगठा घेणारा मी शेवटचा माणूस असायला हवा होतो. सावकारही वाचून दाखवत नसे.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्या घरी आली. नवरा पकडला गेला होता. तिच्यापाशी शिधापत्रिका होती, तीत 'सोमा'. शाळा सोडल्याचा दाखला होता, त्यावर माझ्या अक्षरात 'सोमनाथ'. चौकशीचा जो कागद गावात आला होता त्यात 'सोमू', आणि बापाच्या नावाऐवजी आजाचे नाव. जन्मतारखा दोन, त्यांतली १ जून माझी. "गुरुजी, हे तिन्ही एकच माणूस आहे असे लिहून द्या," ती म्हणाली. मी लिहून दिले. तहसीलला प्रतिज्ञापत्र झाले. ते वर कधी पोहोचले आणि त्याचा किती उपयोग झाला हे मला कुणी सांगितले नाही. तो पुढच्या एका तुकडीतून सुटला, वाघ्याहून अटारीला आला आणि आगगाडीने घरी पोहोचला. मला भेटायला आला तेव्हा एका शब्दानेही बोलला नाही. पोराला शाळेत घालायचे होते, म्हणून मला बरोबर घेऊन गेला. शाळेतल्या बाईंनी नाव विचारले, लिहिले. तो म्हणाला, "बाई, वाचून दाखवा." त्यांनी वाचले. त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ग्रामपंचायतीचा जन्मदाखला काढला, आणि बोटाने तारीख दाखवली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बोटांच्या ठशांची ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. त्यावरही नाव कोणीतरी घाईनेच टंकलेले असते. माझ्या भाच्याच्या नोंदीसाठी या गावातल्या चार घरांत दूरध्वनी झाले, वकील झाला, अमेरिकेतल्या ओळखी निघाल्या. खलाशाच्या कार्डावरचे नाव आधारवरच्या नावाशी जुळते का, हे पाहायला चष्मा आणि दहा मिनिटे लागतात. ते कोणी पाहत नाही. मीही भाच्याचे प्रकरण होईपर्यंत पाहिले नव्हते.

म्हणून आम्ही चौघा निवृत्त मंडळींनी ठरवले आहे. मे महिन्याच्या प्रत्येक रविवारी सकाळी आठ ते अकरा आम्ही वाचनालयाच्या ओट्यावर बसू. एकजण पोस्टातले आहेत, एक तहसील कचेरीतले, एक बँकेतले आणि मी. ज्यांची मुले परदेशी निघाली आहेत त्यांनी पासपोर्ट आणावा. संपायला किती महिने उरले ते पाहू. ज्यांची पोहोचली आहेत त्यांनी मुलांकडून त्या आय-९४ ची प्रत मागवावी. खलाशांनी ओळखपत्र, आधार आणि शिधापत्रिका आणावी. बोटीचे नाव आणि आयएनडी-जीजे या अक्षरांनी सुरू होणारा तिचा नोंदणी क्रमांक घरच्या माणसाकडे लिहून ठेवायचा आहे. तो आम्ही मराठीत आणि इंग्रजीत लिहून देऊ. चूक सापडली तर अर्जही तेथेच लिहू. तलासरीच्या बाजूला पाड्यांवर जायला एखाद्याची जीप मिळाली तर बरे होईल. डिझेलचे आम्ही पाहू. येताना मूळ कागद आणावेत. पुसट झेरॉक्स वाचण्याइतके आमच्यापैकी कोणाचेच डोळे आता राहिलेले नाहीत.